मोठा दाणा, फिका चहा: खारपाणपट्ट्यातल्या एका गोणीचं प्रकरण

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याहून ६० किलो चहापत्ती गावात आली. तिच्यातली ४४ किलो पाकिटांत भरून विकायला गेली आणि पंधरा दिवसांत त्यांतली २२ किलो परत आली. जी गोणी परत करावी असं कुणालाही वाटलं असतं, ती आधीच्या सगळ्या गोण्यांपेक्षा चांगल्या मालाची होती. प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे ते यामुळेच.

गाव अकोट आणि तेल्हाऱ्याच्या मधलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. इथल्या महिला बचत गटाचा पत्तीचा धंदा तीन वर्षांचा. अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून सुटी पत्ती आणायची, २०० आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटांत भरायची, जवळच्या १४ टपऱ्यांना आणि तीन गावांतल्या घरांना पुरवायची. महिन्याला साधारण ६० किलो खप. तोवर व्यापारी जी 'मिक्स' म्हणून देई तीच पत्ती घेतली जाई. तिच्यात काय मिसळलंय हे कुणी विचारलं नव्हतं आणि तक्रारही नव्हती.

यावेळी व्यापाऱ्याने दुसरी गोणी उघडून दाखवली. काळाभोर, एकसारखा, मोठा, गोल दाणा. आसामचा सीटीसी माल (क्रश, टिअर, कर्ल: पान चिरडून, फाडून, वळून केलेली दाणेदार पत्ती), बीपी म्हणजे ब्रोकन पेको ग्रेड, जूनमधलं उत्पादन. मिक्सपेक्षा किलोमागे १८ रुपये जास्त. दुकानात चहा करून पाजला, चांगला लागला. ग्राहकाला भारी माल द्यायचा म्हणून गटाने ६० किलो उचलली.

पहिल्या आठवड्यातच टपरीवाल्यांचा सूर एक झाला: "ताई, चायले रंगच नाई येऊन राह्यला." घरांकडून आलेली तक्रार वेगळी होती. रंग येतो, पण मातीवानी येतो. तिसरी तक्रार उशिरा आली, दोन-चार घरांतून: पत्तीला कुबट वास आहे. गावात बोलणं एकच चाललं होतं, की पत्ती डुप्लिकेट आहे, वापरलेली पत्ती वाळवून रंग मारलेला आहे.

तीन तक्रारींचं कारण एकच आहे असं गृहीत धरलं असतं तर गोणी व्यापाऱ्याच्या अंगावर टाकून विषय संपला असता आणि पुढच्या महिन्यात तोच घोळ पुन्हा झाला असता. कारणं तीन होती. त्यातलं एकच व्यापाऱ्याशी जोडलेलं होतं, आणि तेही अर्धंच.

भेसळीचा संशय आधी

हा संशय आधी फेडायला हवा, नाहीतर बाकीच्या चाचण्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. घरच्या घरी तीन गोष्टी करता येतात. गाळणकागदावर (तो नसेल तर जाड पांढऱ्या टीपकागदावर) पत्ती पसरून वर पाणी शिंपडायचं, थोड्या वेळाने पत्ती काढून कागद नळाखाली धुवायचा आणि उजेडात धरायचा. बाहेरून रंग दिलेला असेल तर कागदावर ठसठशीत डाग राहतात. दुसरं, ग्लासभर थंड पाण्यात चिमूट पत्ती टाकायची. खरी पत्ती थंड पाण्यात रंग हळूहळू सोडते, रंगवलेली टाकल्याबरोबर धागे सोडते. तिसरं, पत्तीवरून चुंबक फिरवायचं, लोखंडाचा कीस असला तर चिकटतो. सीटीसी यंत्राचे रोळ झिजतात, म्हणून थोडा कीस चांगल्या मालातही सापडतो. चुंबकाला मिशा फुटल्या तर मात्र माल नाकारावा.

नवी पत्ती तिन्हींत स्वच्छ निघाली. वापरलेली पत्ती मिसळली आहे का याचं पक्कं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं: अन्नसुरक्षा नियमांनुसार चहात पाण्यात उतरणारा अंश किमान ३२ टक्के हवा आणि उकळून झालेल्या पत्तीत तो तेवढा उरत नाही. पण इथे तेवढं लांब जायची गरज पडली नाही. उकळलेला कोरा चहा तुरट आणि जिवंत लागत होता. एकदा रस निघून गेलेली पत्ती अशी लागूच शकत नाही.

दाणा मोठा-बारीक होतो कुठे

इथे थोडं कारखान्यात जावं लागेल, कारण सगळा गैरसमज 'ग्रेड' या शब्दाभोवती आहे.

बागेतून दोन पानं आणि एक कळी खुडून येते तेव्हा तिच्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. साधारण साडेचार किलो हिरव्या पानातून एक किलो तयार चहा निघतो. आधी पान जाळीदार लांब हौदांवर पसरून, खालून हवा सोडून १२ ते १८ तास कोमेजवतात. सीटीसीसाठी कोमेजणं हलकं ठेवतात, पानात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी राहू देतात. ऑर्थोडॉक्स म्हणजे लांब पत्तीच्या पद्धतीत पान आणखी सुकवावं लागतं, नाहीतर वळताना त्याचा लगदा होतो.

मग दोन वाटा फुटतात. ऑर्थोडॉक्समध्ये रोलर पान पिळतो, वळतो. पानाच्या सगळ्या पेशी फुटत नाहीत, आकार बराचसा टिकतो, सुगंध टिकतो. सीटीसीत पान आधी कुटून घेतात आणि मग दातेरी पोलादी रोळांच्या जोड्यांमधून तीन ते पाच वेळा काढतात. जोडीतला एक रोळ दुसऱ्याच्या जवळजवळ दहापट वेगाने, उलट दिशेने फिरतो. पान चिरडलं जातं, फाटतं आणि वळून त्याची गोळी होते. हे यंत्र आसामातल्या आमगुरी बागेत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम मॅककर्चर यांनी आणलं, आणि आज देशातला बहुतेक दुधाचा चहा याच पद्धतीच्या पत्तीवर चालतो. पेशी जवळजवळ सगळ्या फुटल्यामुळे सीटीसी पत्ती झटकन आणि भरपूर उतरते. दूध-साखरेत टिकून राहायला तेवढा जोर लागतोच.

त्यापुढची पायरी कारखान्यात 'फर्मेंटेशन' म्हणून ओळखली जाते. इथे काही आंबत नाही. इडलीच्या पिठासारखे जंतू यात नसतात. कापलेलं सफरचंद लाल पडतं तोच प्रकार, पानातलं एन्झाइम हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने पॉलिफेनॉल, म्हणजे पानातली तुरट द्रव्यं, बदलतं. त्यातून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. पहिल्यातून चकाकी आणि जिभेला बसणारी चुणचुण, दुसऱ्यातून गडद रंग आणि दाटपणा. सीटीसीला हे साधारण तासाभरात उरकतं, ऑर्थोडॉक्सला दोन-तीन तास. वेळ वाढली की चकाकी मरते आणि तपकिरी मठ्ठपणा राहतो. शेवटी गरम हवेत वाळवून पाणी ३ टक्क्यांवर आणतात, एन्झाइम थांबतं.

ग्रेड ठरते ती याही नंतर. वाळलेल्या ढिगातून स्थिर विजेच्या रोळांनी देठांचे तांबूस धागे उचलतात आणि उरलेली पत्ती चाळण्यांवर घालतात. कुठल्या जाळीवर दाणा अडकला, त्यावरून नाव पडतं. सीटीसीत मोठे दाणे म्हणजे बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको), बीपी, त्याखालचा बीओपीएसएम. मग पीएफ, ओएफ हे फॅनिंग्ज, म्हणजे मधल्या आकाराचे दाणे. मग पीडी, डी, सीडी, एसआरडी असे डस्टचे, म्हणजे सर्वांत बारीक दाण्याचे, प्रकार. गावच्या मापात सांगायचं तर बीपी राजगिऱ्याएवढा, पीएफ जाड रव्यासारखा, डस्ट बारीक रव्यासारखी किंवा त्याहून बारीक. प्रत्येक कारखान्याच्या जाळ्या थोड्या वेगळ्या, त्यामुळे एका बागेचा बीपी दुसरीच्या बीओपीएसएमजवळ जाऊ शकतो.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच पानातून, एकाच वाळवणयंत्रातून निघालेली पत्ती वरच्या जाळीवर बीपी होते आणि खालच्या जाळीतून डस्ट. डस्ट म्हणजे झाडून काढलेला कचरा, ही समजूत पुसायला कठीण आहे. झाडलोटीला आणि निकृष्ट धाग्यांना 'टी वेस्ट' म्हणतात आणि तिच्या विक्रीवर १९५९ पासून वेगळा नियंत्रण आदेश आहे. ती डस्ट नव्हे. चांगल्या बागेची डस्ट वाईट बागेच्या बीपीपेक्षा कितीतरी सरस असते, आणि लिलावात महागही जाऊ शकते. ग्रेडवरून फक्त दाण्याचा आकार कळतो. माल कसा आहे ते बाग, खुडणी, हंगाम आणि कारखान्याची हातोटी यांवर ठरतं.

या नावांतल्या 'ऑरेंज पेको'मधल्या ऑरेंजचा संत्र्याशी संबंध नाही, हे विदर्भात मुद्दाम सांगायला हवं. पेको हा शब्द कोवळ्या कळीवरच्या पांढऱ्या लवेसाठीच्या चिनी शब्दावरून आला.

टपऱ्यांची तक्रार

१४ पैकी ९ टपऱ्यांनी पत्ती परत केली, ५ टपऱ्यांनी ठेवली. तपासाची किल्ली या पाचांत होती. तिथला माणूस आणि दूध बाकीच्यांसारखंच. फरक दोन निघाले. तीन टपऱ्या लाकूड-कोळशाच्या शेगडीवर होत्या, तिथे पातेलं हळू तापतं आणि पत्ती बराच वेळ रटरटते. उरलेल्या दोन बसथांब्याजवळच्या, तिथे गर्दीमुळे पातेलं सतत चुलीवरच. परत करणाऱ्या नऊही जणांकडे मोठ्या भडक्याची गॅसशेगडी होती. उकळी आली, दोन मिनिटं, लगेच गाळलं.

जुन्या मिक्सचं शिल्लक पाकीट मिळालं आणि दोन्ही पत्त्या शेजारी ठेवून तपासल्या.

आधी चाळणी. १०० ग्रॅम पत्ती रव्याच्या चाळणीवर, मग खालचं मैद्याच्या चाळणीवर. जुन्या मिक्समधली ३४ ग्रॅम वर राहिली, ६६ ग्रॅम खाली गेली, आणि त्यातली २१ ग्रॅम मैद्याच्या चाळणीतूनही उतरली. नव्या पत्तीतली ९३ ग्रॅम रव्याच्या चाळणीवरच राहिली. मिक्स म्हणजे मुख्यतः फॅनिंग्ज आणि डस्ट होती, थोडा मोठा दाणा दिसायला.

मग चमचा. टपरीवाला पत्ती तोलत नाही, चमच्याने टाकतो. सपाट दहा चमचे तोलले: जुनी ३१ ग्रॅम, नवी २५ ग्रॅम. मोठ्या गोल दाण्यांमध्ये पोकळी राहते, बारीक दाणा दाबून बसतो. तोच चमचा, तितकेच चमचे, आणि पत्ती जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी. टपरीवाल्याने काहीच बदललं नव्हतं, पातेल्यात पडणारी पत्ती मात्र घटली होती.

मग वेळ. वजन सारखं ठेवून, नुसत्या पाण्यात, १, २, ४ आणि ६ मिनिटांनी थोडा थोडा चहा काढून पांढऱ्या कपांत ओतला. जुन्या मिक्सने दुसऱ्या मिनिटाला जवळपास सगळा रंग दिला होता. सहाव्या मिनिटाला त्यात फक्त कडवटपणा वाढला. नवी पत्ती दुसऱ्या मिनिटाला फिकी, चौथ्याला बरी, सहाव्याला जुनीच्या बरोबरीची आणि जास्त लाल. पाणी दाण्याच्या बाहेरून आत शिरतं आणि रस आतून बाहेर येतो. दाणा मोठा तर वाट लांब. बारीक दाण्याचा वजनामागे पृष्ठभाग कितीतरी जास्त.

यात आणखी एक खोड मिसळली होती. नऊपैकी बहुतेक टपऱ्यांत पाणी, दूध, साखर, पत्ती, आलं एकदमच चढतं. दुधातलं केसिन हे प्रथिन पत्तीच्या पॉलिफेनॉलला धरतं आणि दुधाळ पातेल्यात पत्ती साध्या पाण्याइतकी मोकळी होत नाही. डस्टला हे चालून जातं. बीपीला पाण्यात तीन-चार मिनिटं आधी उकळू द्यावं लागतं, दूध नंतर.

शेवटी चव. चहा चाखण्याची आंतरराष्ट्रीय रीत म्हणजे १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, झाकून ६ मिनिटं. त्या मापाने २०० मिली जारच्या पाण्याला ४ ग्रॅम घेतली. नव्या पत्तीचा चहा तांबूस, चकचकीत, माल्टसारख्या गोडसर वासाचा. जुनीचा गडद, दाट, पण मठ्ठ आणि मागे कडू. आसामचा मे-जूनचा माल वर्षातला सर्वांत दमदार मानला जातो, तो इथे जिभेवर कळत होता. व्यापारी खोटं बोलला नव्हता. त्याने एवढंच विचारलं नाही की ही पत्ती कुणाच्या चुलीवर जाणार आहे. गटानेही सांगितलं नाही.

मातीसारखा चहा

घरांच्या तक्रारीला दाणा पुरेसा नव्हता, कारण घरात चहा निवांत उकळतो. तीन गावांपैकी दोनच गावांतून तक्रार होती. तिसऱ्या गावात नळाला वान धरणावरच्या योजनेचं गोडं पाणी येतं. तक्रारीची दोन्ही गावं त्या पंधरवड्यात बोअरच्या पाण्यावर होती.

अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचं भूजल खारट आणि अल्कधर्मी आहे हे इथल्या कुणाला सांगायला नको. चहाशी त्याचा संबंध मात्र फारसा कुणी लावत नाही. चहाचा रंग आम्ल-अल्काप्रमाणे हलतो. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की तो उजळतो. त्यातच चिमूटभर खायचा सोडा टाकला की काळपट होतो. काही ठिकाणी पत्ती वाचवायला चहात सोडा टाकण्याची चलाखी चालते ती याच गुणावर. खारपाणपट्ट्यातल्या बोअरमध्ये तो सोडा निसर्गानेच घालून ठेवलेला आहे. रंग गडद येतो, पण लाली जाते, चकाकी जाते, चुणचुण बसते, आणि दूध पडलं की करडा-तपकिरी रंग उरतो. पाण्यात चुन्याचे क्षार असतील तर वर तवंगही येतो, कपाच्या कडेला चिकटणारा.

चारही जोड्या करून पाहिल्या: दोन पत्त्या, दोन पाणी. जारच्या पाण्यात नवी पत्ती सगळ्यांत उजळ. बोअरच्या पाण्यात दोन्ही पत्त्या मातकट, पण नवी पत्ती जास्त पडलेली वाटली. जुनी मिक्स मुळात मठ्ठ होती, तिच्याजवळ घालवायला चकाकी नव्हती. शिवाय तिचा दाट कडवटपणा खाऱ्या चवीला झाकत होता. लोक वर्षानुवर्षं जो चहा पीत आले तो पाण्याने आणि डस्टने मिळून घडवलेला होता. चांगल्या पत्तीने पाण्याचा दोष उघडा पाडला. देशभर पत्ती विकणाऱ्या मोठ्या कंपन्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळी मिश्रणं करतात, त्यात स्थानिक पाणी हाही एक विचार असतो.

उकळून हे पाणी सुधारत नाही. चुन्याची तात्पुरती जडता उकळल्याने खाली बसते, पातेल्याच्या तळाचा पांढरा थर तोच. सोडियमचे क्षार पाण्यातच राहतात, उलट पाणी आटलं की जास्त घट्ट होतात. लिंबू दुधाच्या चहात चालत नाही, दूध फाटतं. उपाय पाणी बदलण्याचाच: चहापुरतं जारचं, नळाचं किंवा पावसाचं पाणी. चौघांच्या घरात सकाळ-संध्याकाळचा चहा दीड लिटर पाण्यात भागतो, तेवढं वेगळं ठेवणं बहुतेक घरांना जमतं. अर्धं बोअरचं आणि अर्धं जारचं पाणी घेतलं तरी फरक दिसला.

कुबट वास

हे कारण सर्वांत साधं आणि सर्वस्वी गटाच्या हातातलं. गोणी खोलीच्या कोपऱ्यात, थेट फरशीवर, ओल धरलेल्या भिंतीला टेकून होती. त्याच खोलीत हळद आणि कांदा-लसूण मसाला. कारखान्यातून ३ टक्के ओलाव्याने निघालेली पत्ती ऑगस्टच्या हवेत उघडी राहिली तर काही दिवसांत दुप्पट ओल धरते. साडेसहा-सात टक्क्यांच्या पुढे चव बसते, मग कुबटपणा येतो आणि शेवटी बुरशी. वासही पत्ती तितक्याच हौसेने ओढते.

ओळखायला यंत्र लागत नाही. कोरडा दाणा नखाखाली कट्कन फुटतो, त्याची पूड होते. ओला दाणा दबतो, चेपतो. शिल्लक १६ किलोपैकी तळाची ६ किलो पत्ती दबत होती आणि तिला हळदीचा वास होता. ती तव्यावर भाजून घ्यावी असं सुचवलं गेलं. कारखान्यात ओलसर माल पुन्हा वाळवतात, पण तो नियंत्रित गरम हवेच्या झोतात. तव्यावर खालचा दाणा करपतो, वरचा ओलाच राहतो, आणि हळदीचा वास जात नाहीच. ती ६ किलो बाजूला काढली.

पाकिटांवर बॅच नंबर नसल्यामुळे कुबट वासाची पाकिटं कुठल्या दिवशी भरलेली हे शोधता आलं नाही. घरोघरी जाऊन वास घ्यावा लागला, त्यात चार दिवस गेले.

दुरुस्ती

हिशेब असा बसला. परत आलेल्या २२ किलोपैकी ४ किलोची पाकिटं फोडलेली होती. ती पुन्हा विकायची नाहीत, गटातल्या बायांनी घरी नेली. बंद पाकिटांतली १८ किलो आणि गोणीतली चांगली १० किलो, मिळून २८ किलो बीपी हाताशी. व्यापाऱ्याकडून ३४ किलो पीएफ आणि १८ किलो डस्ट घेतली, दोन्ही सीटीसी, दोन्हींचे २०० ग्रॅमचे नमुने आधी मागवून, गावातल्याच पाण्यात उकळून.

टपरीचं मिश्रण: बीपी ३, पीएफ ४, डस्ट ३. ६० किलो. दोन मिनिटांच्या उकळीत रंग डस्ट देते, दाटपणा पीएफ. बीपी मागाहून उतरते आणि त्याच पातेल्यात दुसऱ्यांदा दूध-पाणी पडलं तर ती कामाला येते. याचे दहा चमचे ३० ग्रॅम भरले, म्हणजे टपरीवाल्याचा हात बदलायची गरज उरली नाही. टपऱ्यांत कापडाने गाळतात, त्यामुळे डस्ट कपात उतरत नाही.

घरचं मिश्रण: बीपी आणि पीएफ निम्मं निम्मं, २० किलो. डस्ट मुद्दाम टाळली, कारण घरात स्टीलची जाळीदार गाळणी असते आणि शेवटच्या घोटाला तळाशी गाळ येतो. पाकिटात चिठ्ठी: पाणी उकळल्यावर पत्ती, चार मिनिटं, मग दूध; बोअरचं पाणी असेल तर निम्मं जारचं घ्या.

मिसळण्याचीही एक गोची असते. वेगवेगळ्या आकाराचे दाणे हलवले की बारीक दाणे खाली सरकतात. मिसळलेली पत्ती गोणीत भरून टेम्पोने नेली तर वर बीपी आणि तळाला डस्ट होते. वरून मापट्याने भरलेली पहिली पाकिटं फिकी आणि शेवटची कडू. जुन्या मिक्सबद्दल 'कधी कधी लय कडक लागते' असं लोक म्हणत, ते बहुधा यामुळे. म्हणून १० किलोचाच घाणा धरला. स्वच्छ ताडपत्रीवर बीपीचा पातळ थर, त्यावर पीएफ, त्यावर डस्ट, असे थरावर थर; मग सपाट फळीने कडेने उभं कापत दुसऱ्या बाजूला ढीग. तीनदा. यापेक्षा जास्त घोळवलं की दाण्यावरची काळी चकाकी घासली जाते, पत्ती राखाडी दिसते आणि नवा चुरा तयार होतो. ढिगाच्या वरून आणि तळातून १००-१०० ग्रॅम रव्याच्या चाळणीवर घालून पाहायची. दोन्हींत ५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर चौथी पलटी. मिसळलेलं लगेच पाकिटात. नाकाला फडकं बांधायचं, डस्ट घशात जाते.

भरायचा दिवस उघडीप पाहून, दुपारचा. साध्या पातळ पिशवीऐवजी चंदेरी लॅमिनेटेड पाउच, त्यावर भरल्याची तारीख आणि बॅच नंबर. गोणी लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर. मसाला दुसऱ्या खोलीत गेला. त्यावर गटात दोन दिवस कुरबुर झाली, कारण दुसरी खोली म्हणजे कुणाची तरी पडवी.

व्यापाऱ्याला पुढची मागणी चिठ्ठीवर गेली. 'चांगली पत्ती' हे शब्द तीत नाहीत. पद्धत सीटीसी, ग्रेड आणि प्रत्येकीचं वजन, गोणीवर छापलेलं बागेचं नाव आणि इनव्हॉइस नंबर, उत्पादनाचा महिना, नमुना आधी. ऑगस्ट-सप्टेंबरचा पावसाळी माल आसामात भरपूर निघतो आणि अंगाने हलका असतो, तो स्वस्त मिळाला तर डस्टचं प्रमाण थोडं वाढवून टपरीच्या मिश्रणात चालतो. घरच्या मिश्रणासाठी जूनचा माल असेल तितका राखून ठेवायचा.

पत्ती परत करणाऱ्या नऊ टपऱ्यांपैकी आठांनी नवं मिश्रण घेतलं. नववा अडून बसला, त्याला जुनीच हवी. त्याच्याकडे रोज चारशे हाफ जातात, असं गिऱ्हाईक सोडवत नाही. त्याच्यापुरती डस्ट ४ आणि पीएफ ६ अशी वेगळी ५ किलो मिसळली, पाउचवर वेगळा बॅच नंबर टाकून. ओली पडलेली ६ किलो शेणखताच्या खड्ड्यात गेली.